चालू रीडिंग

महिन्याच्या सात तारखेला माझ्या वाट्याला उंबरखार येतं.
गावाला वेस नाही.
सेक्टर नऊचा फुटपाथ जिथे मधेच दम सोडतो
तिथून गाव.
एका अंगाला काचेची कंपनी,
दुसऱ्या अंगाला खाडी, म्हणजे आधी तिवरं मग खाडी,
आणि मधे एवढंसं,
मोबाइलच्या नकाशावर अंगठ्याखाली झाकलं जाईल असं.

मला गाव जिन्याखालून ठाऊक.
जिन्याखाली मीटर असतात.
एका इमारतीत अठरा, एकीत बावीस,
'केणी निवास'मध्ये एकतीस,
जळमटं, चपला, हवा गेलेली सायकल,
आणि शेंदूर फासलेला एक दगड
जो इमारतीच्या आधीपासून तिथेच बसलाय
म्हणून बिल्डरने जिनाच जरा वाकवला.

इमारती इतक्या लगट की
तिसऱ्या मजल्यावरची सिलचरची बाई
समोरच्या पाटणच्या बाईला
खिडकीतून खिडकीत कढीपत्ता देते.
ऊन यायला परवानगी लागते इथे,
दुपारी बारा ते साडेबारा.

खाजणातली भातं गेली,
साडेबारा टक्क्यांचे कागद आले,
कागदांचे प्लॉट, प्लॉटांचे मजले, मजल्यांचं भाडं.
भाड्यावर पिकतं आता गाव.
वर्षाला बारा पिकं,
दर दहा तारखेला कापणी.

पदीबाई मढवी पायरीवर निवट्या निवडत बसलेली.
"यो बिल येवरा कनाला आयला रं?"
मी म्हणतो, मावशी, तुमच्या नातवाने एसी बसवलाय.
"मंग नातवाला दे की."
आणि खारट बोटांनी बिलाची घडी घालून
कमरेला खोचते, नेहमीसारखी, भरायलाच.

तळं निम्मं उरलंय.
बुजवलेल्या निम्म्यावर टर्फ, व्यापारी दराचं मीटर,
रात्री अकराला दिव्यांच्या उजेडात पोरं षटकार मारतात,
चेंडू जाळी चुकवून उरलेल्या तळ्यात जातो,
तेव्हा कुणी म्हातारा सांगतो कुठे किती खोल आहे ते.
मेमध्ये हळदी. डीजे.
ट्रान्सफॉर्मर तीनदा उडतो, शिव्या मला.

आणि गल्लीच्या टोकाला ती एक कौलारू खोली.
ग्राहक: रोहिदास हिरू केणी.
तीन वर्षं दाराला कुलूप,
तीन वर्षं दरमहा चाळीसच्या आसपास युनिटं.
आकडा टाकलाय का कुणी? पाहिलं, नाही.
गळती? नाही.
दाराला कान लावला तर आत
कुणीतरी झोपेत घोरावं तशी घरघर.
मी मोबाइलमध्ये 'घर बंद' दाबायचो,
फोटो काढायचो, पुढे जायचो.

आज दार उघडं होतं.
आत एक जुना फ्रिज, एक शेगडी, एक माणूस बनियनवर.
समोरच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहतो म्हणाला,
तिथून खाडी पूर्ण दिसते, पार पलीकडच्या दिव्यांपर्यंत,
पण लिफ्टमध्ये नोटीस लागलीय:
सदस्यांनी वासाचे पदार्थ शिजवू नयेत.
"आता बोंबलाला वास नय येनार त काय अत्तर येनार?"
म्हणून मासळी इथे.
रविवारी मुलगी येते लॅपटॉप घेऊन, पाय पसरून जेवते.
आज मधल्या वारीच आला होता, सांगितलं नाही का ते.
फ्रिज उघडून दाखवला त्याने,
जवळा, वाकट्या, पुड्यांवर तारखा,
एका पुडीवर बायकोचं अक्षर. ती पुडी जुनी होती.
ती त्याने परत खाली, मागे ठेवली.

"बस रं. दोन घास जेव."
अजून चौऱ्याण्णव मीटर बाकी होते.
बसलो.

निघताना पर्याय निवडायचा होता:
घर बंद, मीटर नादुरुस्त, वापर चालू.
बोट तेलकट, स्क्रीन ऐकेना,
शर्टाला पुसून पुन्हा दाबलं.

नंतर सेक्टर नऊच्या लिफ्टमध्ये
एक बाई आधी पंख्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे.
मी नोटीस वाचत होतो.